तंजावरच्या कपाटातले मराठी नृत्य

अरंगेत्रम पार पडले. हारतुरे झाले, गुरूंना शालश्रीफळ झाले, फोटोंचा अल्बमही आला. दहा-बारा वर्षे भरतनाट्यम शिकलेली मुलगी आता एम.ए.ला नृत्य हाच विषय घेते आणि दुसऱ्या वर्षी तिच्यापुढे प्रबंध येऊन उभा राहतो. विषय ठरतो ‘भरतनाट्यमचा इतिहास’. क्लासमधल्या सगळ्यांकडे असतात तीच दोन पुस्तके, इंटरनेटवरची दहा-बारा पाने, गुरूंची एक मुलाखत, आणि सुटीच्या महिनाभरात साठ पाने तयार होतात. सुरुवात भरतमुनींपासून, शेवट स्वतःच्या गुरूंपाशी. या साठ पानांत चुकीचे फारसे काही नसते. पण तिने स्वतः शोधून काढलेली एक ओळही नसते.

दोष मुलीचा म्हणावा तर तसेही नाही. नृत्य पायांनी आणि डोळ्यांनी शिकायचे, ते पुस्तकात नसते, असे तिने लहानपणापासून ऐकलेले असते. ते खरेही आहे. त्यामुळे ग्रंथालयात जाऊन नृत्याविषयी काही शोधता येते, हे तिच्या कानावरच आलेले नसते. आणि मुलगी मराठी घरातली असेल, मग ते घर पुण्यात असो, इंदूरला असो की बडोद्याला, तर आणखी एक गोष्ट तिला सहसा कोणी सांगितलेली नसते. आजच्या भरतनाट्यमची घडण जिथे झाली त्या तंजावरला, दोनशे वर्षांपूर्वी, दरबारातील नृत्यासाठी मराठी रचनाही होत होत्या. त्या रचना आजही तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत.

राजवाड्यातले ग्रंथालय

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली. १८५५ साली तिथले दुसरे शिवाजी राजे पुत्राविना वारले आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केले. मधली जवळजवळ एकशेऐंशी वर्षे या दरबारात तमिळ, तेलुगू, संस्कृत आणि मराठी या भाषा एका पंगतीला बसून जेवत होत्या. शहाजी राजांच्या (१६८४–१७१२) नावावर ‘पंचभाषाविलास’ नावाचे नाटकच आहे, ज्यात पाच भाषा एकत्र नांदतात. आज भाषेवरून हमरीतुमरीवर येणाऱ्यांनी ते एकदा चाळायला हरकत नाही.

पोथ्यांचा संग्रह नायक राजांच्या काळापासूनचा. पण त्याला खरे रूप दिले ते दुसऱ्या सरफोजी राजांनी (१७९८–१८३२). काशीयात्रेला गेले तेव्हा तिथूनही त्यांनी हस्तलिखिते मिळवून आणली. १९१८ साली हा राजवाड्यातला संग्रह सर्वांसाठी खुला झाला. तिथे वैद्यक आहे, ज्योतिष आहे, अश्वपरीक्षा आहे. संगीत, नाटक आणि नृत्य यांचा भागही मोठा आहे. मराठी हस्तलिखितांची संख्या तीन हजारांवर जाते. बहुतेक कागदावर आहेत. काही तर ताडपत्रावर, तेलुगू लिपीत लिहिलेली मराठी. शिवाय राजदप्तराचे मोडीतले गठ्ठे आहेत, तेही हजारावर. पुण्याच्या पेशवे दप्तरात ज्यांना ‘रुमाल’ म्हणतात तशा तऱ्हेचे.

पर्यटकांसाठी इथे एक छोटे दालन आहे. तंजावरला गेलेली मंडळी ते पाहतात, बृहदीश्वराला जातात आणि पुढच्या गाडीने कुंभकोणमला निघतात. वाचनकक्ष हा निराळा भाग. तिथे पाहायला नव्हे, विचारायला जायचे असते.

जिन्नस म्हणजे काय?

समजा, आपली ही मुलगी तंजावरला पोचली आणि सूचीपत्र मागून त्यात ‘भरतनाट्यम’ शोधू लागली. सरफोजींच्या काळातले काही तिला त्या नावाखाली सापडणार नाही. कारण हे नाव रूढ झाले ते १९३० नंतरच्या काळात. त्याआधी या नृत्याला सदिर म्हणत, दासीआट्टम म्हणत. जुन्या ग्रंथालयात पाऊल टाकणाऱ्याने पहिल्यांदा शिकायचे ते हेच, की आपला आजचा शब्द घेऊन कालच्या कपाटाशी जायचे नाही. त्या काळातला शब्द कोणता, हे आधी माहीत करून घ्यायचे.

आता हा शब्द पाहा. सरफोजी राजांच्या मराठी नृत्यरचनांचे पुस्तक १९५८ साली छापून प्रसिद्ध झाले. संपादक के. वासुदेवशास्त्री. पुस्तकाचे नाव ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’. मराठी वाचकाला जिन्नस म्हटले की वाण्याची यादी आठवते, आणि साहित्य म्हटले की कथा-कादंबरी. इथे दोन्ही नव्हे. दक्षिणेकडील संगीतात साहित्य म्हणजे गीताचे शब्द. ‘कोर्वै’ हा तमिळ शब्द, अर्थ ओवलेली माळ किंवा साखळी. जिन्नस मात्र आपलाच, म्हणजे नग. एकामागून एक ओवलेल्या नृत्याच्या नगांची ही शब्दसंहिता. तंजावरची मराठी कशी मिसळलेली होती, हे या एका शीर्षकावरून कळते.

या माळेला ‘निरूपण’ असेही नाव आहे. पुन्हा गफलत होण्याची सोय! आपल्याकडे निरूपण करतात ते कीर्तनकार. सूचीपत्रात हा शब्द दिसला तर मराठी मुलगी तो अध्यात्माचा ग्रंथ समजून पुढे सरकणार. प्रत्यक्षात निरूपण म्हणजे एका कथेभोवती, एकाच रागात गुंफलेली नृत्याची मालिका. तिच्यात अठरापर्यंत रचना असतात: जयजय, शरणू, अलारू, शब्द, वर्ण, पद, स्वरजती, तिल्लाना, जक्किणी, गीत, प्रबंध आणि शेवटी मंगळ.

भरतनाट्यम शिकणाऱ्या कोणालाही ही नावे वाचताना थबकायला होईल. अलारू म्हणजे अलारिप्पूची आठवण, शब्द म्हणजे शब्दम, वर्ण म्हणजे वर्णम, तिल्लाना तर तोच. आज रंगमंचावर जो क्रम, म्हणजे ‘मार्गम’, सादर होतो त्याची घडी बसवण्याचे श्रेय चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांना दिले जाते. हे चौघे बंधू तंजावरच्याच दरबारातले, सरफोजींच्या आणि त्यांच्या मुलाच्या काळातले. म्हणजे एकाच राजवाड्यात एकीकडे चौघा भावांचा मार्गम आणि दुसरीकडे मराठी निरूपणाची माळ. मार्गममध्ये रचनागणिक राग बदलतो. निरूपण एका रागाला धरून बसते. मार्गममधील रचनांना एक कथा नसते, निरूपणाला असते. मग कोणाचे कोणाकडे गेले? एकाच नर्तकी दोन्ही नाचत होत्या का? मराठी शब्दांवर अभिनय करताना तमिळ घरात वाढलेली नर्तकी अर्थ कोणाकडून समजून घेत असेल?

असे प्रश्न निर्माण झाले की साठ पानांचा ‘इतिहास’ आपोआप गळून पडतो. विषय घेऊन ग्रंथालयात जाणाऱ्याला ग्रंथपाल कपाट दाखवतो, प्रश्न घेऊन जाणाऱ्याला नेमकी पोथी काढून देतो, असे जुने संशोधक म्हणतात त्यात तथ्य आहे.

जाता जाता आणखी एक मौज. सरफोजींच्या नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचे मराठी नृत्यनाट्य आहे. कुरवंजी म्हणजे हात पाहून भविष्य सांगणारी भटकी स्त्री, तमिळ नृत्यनाट्यातले ठरलेले पात्र. इथे ही बाई भविष्य सांगता सांगता जगाचा भूगोल सांगते! खंडे, देश, सारे गाण्यातून. राजाला पाश्चात्त्य विद्यांचा नाद होता, तो असा नृत्यातही उतरला. १९५० साली ग्रंथालयाने हे छापले. शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी त्याच त्या सिनेगीतांवर मुली नाचवणाऱ्या शिक्षकांच्या हाती हे पुस्तक पडायला हवे होते.

कागदावर पाय उमटत नाहीत

इथवर सारे सुरळीत. मग मुलगी पुस्तक उघडते आणि निराश होते. शब्द आहेत, राग आहे, ताल आहे, नृत्याचे बोलही आहेत. पण पाय कसा टाकायचा? हात कुठे? कोणत्या शब्दावर नजर वर आणि कोणत्या शब्दावर खाली? त्याबद्दल एक अक्षर नाही. ज्यांच्यासाठी ते लिहिले त्या नट्टुवनारांना आणि नर्तकींना ते सांगायची गरजच नव्हती. आईच्या हातच्या पुरणपोळीची कृती लिहिलेली वही मिळावी आणि तीत ‘अंदाजाने’ एवढेच असावे, तसेच हे.

मग या कागदाचे करायचे काय? याचे उत्तर मुंबईत एका मराठी माणसाने दिले. आचार्य पार्वतीकुमार (१९२१–२०१२) यांनी तंजावरच्या या मराठी रचना घेतल्या, त्यांचा अभ्यास केला आणि त्यांची नृत्ये बसवली. ‘तंजावूर नृत्य प्रबंध’ हे त्यांचे काम भरतनाट्यमच्या जगात मानाने सांगितले जाते. ते काही राजघराण्यातले नव्हते की नट्टुवनारांच्या घराण्यातलेही नव्हते. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी पुढे तंजावरच्या त्या चार बंधूंचे वंशज के. पी. किट्टप्पा पिळ्ळै (१९१३–१९९९) यांच्याकडेही शिक्षण घेतले आणि तंजावरच्या मराठी रचना रंगमंचावर आणल्या. ग्रंथालयातला कागद एका हातात आणि घराण्यातली विद्या दुसऱ्या हातात, असा हा मार्ग. नुसत्या कागदावरून बसवलेले नृत्य कल्पनेचे होते, आणि नुसत्या परंपरेत जे गळून गेले ते परत कुठून आणणार?

शोध घेणाऱ्याने म्हणूनच एका पोथीवर थांबायचे नसते. शेजारचे कपाटही उघडायचे असते. तुळजा राजांचा (१७२८–१७३६) ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ मद्रासच्या म्युझिक अकादमीने १९४२ साली छापला. त्यात नृत्याचा भाग आहे आणि अडवूंची, म्हणजे भरतनाट्यमच्या मूळ पदन्यासांची, त्या काळी बोलीत चालणारी नावे दिली आहेत. निरूपणातील बोल आणि या ग्रंथातील अडवू शेजारी ठेवून पाहिले तर पायाचा थोडा माग लागतो. फार नाही, थोडाच. पण तो आपला आपण काढलेला असतो.

कागदाची ही मर्यादा ओळखूनच जगात नृत्याची ग्रंथालये निराळ्या तऱ्हेने उभी राहिली. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात १९४४ साली संगीत विभागाच्या एका कोपऱ्यात नृत्याचा संग्रह सुरू झाला. जेनेव्हीव्ह ऑस्वाल्ड नावाच्या बाईंनी तो पुढे १९८७ पर्यंत सांभाळला आणि वाढवला. त्यांनी पुस्तकांवर समाधान मानले नाही. कार्यक्रमपत्रिका, पत्रे, पोशाखांची रेखाटने, पोस्टर, फोटो, चित्रफिती, कलावंतांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती असे सारे जमवले. जेरोम रॉबिन्स या नृत्यदिग्दर्शकाने ‘फिडलर ऑन द रूफ’ या आपल्या गाजलेल्या संगीतिकेच्या मानधनातला हिस्सा चित्रफितींच्या संग्रहासाठी देऊन टाकला. आज हा विभाग त्याच्याच नावाने ओळखला जातो. १९७४ साली या संग्रहाचे सूचीपत्र छापले तेव्हा त्याचे दहा खंड झाले. विशेष हे की, तिथे जाऊन बसायला कोणी मोठा पंडित असावे लागत नाही. शाळकरी मुलगीही चित्रफीत मागून पाहू शकते. मात्र पुष्कळ फिती तिथल्या तिथेच पाहाव्या लागतात, घरबसल्या नव्हे.

आपल्याकडे दिल्लीला संगीत नाटक अकादमीने १९५३ पासून असाच ग्रंथसंग्रह आणि दृक्‌श्राव्य संग्रह उभा केला आहे. मुंबईला एनसीपीएचे संदर्भ ग्रंथालय आहे. पण चित्रफितीचे शास्त्र आपल्या हाती उशिरा आले, हे कबूल करायला हवे. बालसरस्वती (१९१८–१९८४) या तंजावर दरबारातील कलावंतांच्या घराण्यातल्या. त्यांच्यावर सत्यजित राय यांनी ‘बाला’ हा माहितीपट केला तो १९७६ साली. तेव्हा बाई अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. तो माहितीपट पाहून माणूस हरखून जातो, आणि त्याच वेळी पंचविशीतली बालसरस्वती आपल्याला कधीच दिसणार नाही हेही त्याला कळते.

त्या बायका कोण होत्या?

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर राजराज चोळाच्या काळचा, म्हणजे हजार वर्षांपूर्वीचा, एक शिलालेख आहे. मंदिराच्या सेवेत आणलेल्या ४०० स्त्रियांची नावे त्यात एकेक करून कोरलेली आहेत. कोणत्या गावाहून आली, कोणत्या गल्लीत कितवे घर, सगळे. त्याच मंदिराच्या आवारात सरफोजींनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. तो लांबलचक लेख पाहून मराठी प्रवाशाचा ऊर भरून येतो. पण दरबारात जे मराठी निरूपण नाचले जाई ते नाचणाऱ्या बायकांची नावे तिथे नाहीत. छापील पुस्तकाच्या मुखपृष्ठावर राजाचे नाव आहे. वर्णम म्हटले की चार भावांची नावे आठवतात. नाचणारी मात्र बिनानावाची.

ती सापडली तर मोडीच्या गठ्ठ्यात सापडते. कोणाला किती पगार, कोणाला लुगडे दिले, कोणत्या समारंभाला कोणाला बोलावले. हिशेबनिसाने आपल्या कामापुरते लिहिलेले हे कागद. इतिहास लिहितो आहोत असे त्याच्या मनातही नसेल. दावेश सोनेजी यांनी २०१२ साली दक्षिणेतील देवदासी व दरबारी नर्तकींवरचा आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात तंजावरच्या या मोडी कागदांचाही आधार घेतला आहे. देवदासी प्रथेवर १९४७ साली मद्रास प्रांतात कायद्याने बंदी आली. ती यायलाच हवी होती. पण त्यासोबत या घरांतल्या बायकांची विद्या आणि नावे दोन्ही बाजूला पडली, आणि नृत्य तेवढे पांढरपेशा घरांत आले.

ही कहाणी तंजावरला संपत नाही, बडोद्याला येते. १८८० साली तंजावरच्या राजकन्येचा, म्हणजे पहिल्या चिमणाबाईंचा, सयाजीराव गायकवाडांशी विवाह झाला. तिच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी आणि वादकांचा ताफा बडोद्याला आला. बडोदे संस्थानात ‘कलावंत कारखाना’ नावाचे खातेच होते. गवई, वादक, नर्तकी यांच्या नेमणुका आणि पगार त्यात चालत. त्यांपैकीच एका नर्तकीचे पुत्र कुबेरनाथ तंजोरकर यांनी पुढे बडोद्याच्या विद्यापीठात कितीतरी मुलींना भरतनाट्यम शिकवले. मराठी घरांचा भरतनाट्यमशी संबंध १९५० नंतर क्लासमधून आला, असे समजणाऱ्यांना हे ठाऊक असावे.

आता अडचण अशी की हे कागद मोडीत आहेत आणि मोडी वाचणारे थोडे उरले आहेत. मोडीत आधी रेघ ओढून घेतात आणि तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत जातात. शब्द तुटत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. पण ती शिकायला वाटते तितकी अवघड नाही. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था मोडीचे वर्ग घेत आल्या आहेत. काही महिने नेटाने वाचले तर अक्षरे ओळखीची होतात. जुन्या नोंदींतली अडलेली वळणे सुटायला अर्थातच अधिक काळ लागतो. तमिळ येणारा मोडी जाणत नाही आणि मोडी जाणणारा तमिळ जाणत नाही, ही तंजावरच्या दप्तराची जुनी दुखणाईत अवस्था आहे. मराठी मुलीला निदान अर्धी वाट घरातूनच मिळालेली असते. तिने ती चालायची मात्र आहे.

जायचे ठरवले तर

कोणत्याही हस्तलिखित ग्रंथालयात अचानक जाऊन उभे राहू नये. आधी पत्र किंवा ई-मेल पाठवून वेळ, सुट्या आणि नियम विचारावेत. ते बदलत असतात. आपल्या विद्यापीठाचे किंवा मार्गदर्शकांचे ओळखपत्र सोबत असावे. पत्रात ‘मला नृत्यावर माहिती हवी’ असे मोघम न लिहिता, आपला प्रश्न दोन ओळींत मांडावा. छापून निघालेले साहित्य आधी घरच्या घरी वाचून टाकावे. १९५८ चे पुस्तक मुंबई-पुण्याच्या किंवा आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात मिळते का, हे तपासल्याशिवाय तंजावरचे तिकीट काढण्यात अर्थ नाही. छापील पुस्तक हाती असेल तर हस्तलिखितासमोर बसून त्याच्याशी ताडून पाहता येते, आणि संपादकाने काय सोडले, कुठे अडखळला हे दिसते. तिथेच नवे काही सापडण्याचा संभव असतो.

बसताना पेन बाहेर ठेवावे, शिसपेन्सिल घ्यावी. पान उलटताना बोट जिभेला लावण्याची आपल्या लोकांना फार सवय. ती दारातच सोडावी. ताडपत्र दोन्ही हातांनी धरायचे, वाकवायचे नाही. फोटो काढायचा तर परवानगी घेऊनच. आणि प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर हस्तलिखिताचा क्रमांक आणि पान लिहावे. हे कंटाळवाणे वाटते. पण घरी परतल्यावर एका सुंदर ओळीचा ठावठिकाणा न सापडल्याने ती प्रबंधातून काढून टाकायची वेळ आली की याचे मोल कळते. पोथीचा शेवट आवर्जून पाहावा. नकल करणाऱ्याचे नाव, तिथी, कोणासाठी लिहिले, हे बहुधा तिथे असते.

एक दिवसात काही होत नाही. पहिला दिवस सूचीपत्रातच जातो. दुसऱ्या दिवशी मागवलेली पोथी भलतीच निघते. तिसऱ्या दिवशी तिथले एखादे जुने जाणते गृहस्थ, आपण रोज येतो हे पाहून, स्वतःहून विचारतात, “नक्की काय शोधता आहात?” खरे काम त्यानंतर सुरू होते. म्हणून आठ दिवसांची तयारी ठेवून जावे आणि संध्याकाळी मंदिरात नाट्यशास्त्रातील करणांची शिल्पे आठवत बसावे. १०८ पैकी ८१ कोरून झाली आणि काम थांबले. ती वरच्या मजल्यावर आहेत, सरसकट पाहता येत नाहीत. पण त्यांचे छापील फोटो ग्रंथालयात मागता येतात.

ज्यांच्या घरात कोणी प्रबंध लिहिणार नाही, पण एखादी मुलगी, सून किंवा आजी कधीकाळी नाचली आहे, त्यांच्याही कपाटात काही असतेच. गुरूंनी स्वतःच्या हाताने लिहून दिलेली बोलांची वही असते, पंचवीस वर्षांपूर्वीच्या अरंगेत्रमची निमंत्रणपत्रिका असते, व्हीएचएसची कॅसेट असते. दिवाळीच्या साफसफाईत वही आणि पत्रिका रद्दीच्या गठ्ठ्यात जातात. कॅसेटला बुरशी लागते, आणि लागली नाही तरी ती लावायला घरात यंत्र उरलेले नसते. कॅसेट अजून चालत असेल तर ती संगणकावर उतरवून घ्यावी. वही कोरड्या कापडात गुंडाळून ठेवावी, प्लॅस्टिकच्या पिशवीत नव्हे. फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने, तारीख लिहावी, गाव लिहावे, कोणते नृत्य ते लिहावे, आणि फोटोतल्या प्रत्येक बाईचे पूर्ण नाव लिहावे, मागे तंबोऱ्यावर बसलेलीचेसुद्धा.